शेपटीपासून सांगितलेला बैल

माझ्यामुळे एका बाईचा बैल गेला. मी त्याची वेसण कधी हातात धरली नव्हती, त्याला पेंढीभर कडबा घातला नव्हता, तो दिसतो कसा हेही धड पाहिलं नव्हतं. तरी गेला तो माझ्यामुळेच. आई म्हणाली होती, "चोरानं नेला, त्यात तुझा काय गुन्हा?" आईला काय, लेकीचं सगळं बरोबरच असतं. ज्याची जळते त्यालाच कळते, आणि जळत होतं ते माझं.

नांदेडला कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी हिंगोलीला परत आले, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. इंटरनेट हिंगोलीत पोचलं होतं, म्हणजे सकाळी असायचं आणि दुपारी नसायचं. पुण्यातल्या एका साहेबाची छोटी कंपनी होती. बैलबाजारातले दाखले कॉम्प्युटरवर करून द्यायचं काम त्यानं घेतलं आणि इथली प्रोग्रामर म्हणून मला ठेवलं. दाखला म्हणजे जनावराच्या खरेदी-विक्रीचा कागद. कुणी विकलं, कुणी घेतलं, जनावर कसं आहे. बाजाराच्या कडेला एक पत्र्याची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लाईट गेली की कोकलणारा यूपीएस. एप्रिलात त्या पत्र्याखाली बसून प्रोग्राम लिहिणं म्हणजे काय असतं ते साहेबाला कधीच कळलं नाही. फोनवर म्हणायचा, "मॅडम, एसी लावून घ्या ना." अहो, आधी लाईट तर येऊ द्या!

दाखले लिहायला एक गुरुजी होते. शाळेतून रिटायर झालेले, आणि बाजारात दाखले लिहायचं काम कैक वर्षं तेच करत आलेले. पूर्वी कार्बन घालून लिहीत, आणि शिवाय स्वतःची एक जाड वही ठेवीत. दाखल्यावर जागा कमी, म्हणून माणसानं जनावराचं जे जे सांगितलं ते सगळं वहीत उतरवायचं, ही त्यांची सवय. कॉम्प्युटर आला तसे ते एका बोटानं टाईप करायला शिकले. मला "पोरी" म्हणायचे आणि माझ्यावर त्यांचा फार भरवसा होता. तोच तर घात झाला.

आता आमच्या बाजाराची एक गोष्ट सांगायला पाहिजे. आजूबाजूच्या तांड्यांवरची माणसं बाजाराला यायची. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. आता सगळे शेती करतात, कापूस घेतात, सोयाबीन घेतात, पण बैल सांगायची रीत जुनीच. आम्ही शेतकरी बैल सांगतो तोंडाकडून. रंग काय, शिंगं कशी, दात किती. ते सांगतात शेपटीपासून. आधी गोंडा, मग मागचे खूर, मग पाठ, वशिंड, मानेखालची पोळी, कान, अंगावरचे केसांचे भोवरे कुठे कुठे आहेत ते, आणि तोंड अगदी शेवटी. आणि मधे तोडलं तर परत शेपटीपासून सुरुवात!

त्यांच्यातल्या एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, घरधनी गेल्यापासून शेत एकटीनं करणाऱ्या, पेरणीची तिफण स्वतः धरणाऱ्या. त्यांनी आमच्या बाजारात एक पांढरा बैल घेतला, घरच्या बैलाला जोड म्हणून. दाखल्याला आल्या आणि शेपटीपासून सुरू झाल्या. मी बाजूलाच बसले होते. मी विचारलं, "मावशी, काहून उलटं सांगून राहिले?"

"उलटं तर तुमी सांगता," त्या म्हणाल्या. "बैल हाकणारा मागं चालते का म्होरं? मंग त्याला आधी काय दिसते?"

गुरुजी खो खो हसले आणि एका बोटानं लिहीत राहिले. नऊ खुणा सांगितल्या मावशींनी. डाव्या कानाच्या आत मुगाएवढं चामखीळ. उजव्या पुढच्या पायाच्या खुराला आडवी चीर. वशिंडामागं दोन भोवरे, एकाला लागून एक. लिहून होईपर्यंत मागं रांग लागली, एकजण ओरडला, "बैलाची सोयरीक जुळवून राहिले का वो?" मावशींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुरुजी लिहीत होते तो फॉर्म पुण्यात बनला होता. त्यात 'खुणा' असा एक चौकोन होता आणि त्याखाली अधिकचं चिन्ह. ते दाबलं की नवी ओळ उघडायची. डावीकडे खुणेचं नाव टाका, उजवीकडे वर्णन टाका, पाहिजे तितक्या ओळी घाला. गुरुजींना ते चिन्ह भारी आवडलेलं.

फॉर्म भरला की सगळं मजकुराच्या रूपात माझ्या प्रोग्रामकडे यायचं. त्या मजकुराच्या तऱ्हेला जेसन म्हणतात. नाव परकं आहे, बाकी अवघड काही नाही. महिरपी कंसात नाव आणि त्यापुढे माहिती, परत नाव आणि माहिती. आणि एखाद्या नावापुढे माहितीच्या जागी आणखी एक महिरपी कंस, त्याच्या आत परत तेच. पोत्यात एक बांधलेली पिशवी असावी तसं. मालकाचं नाव, गाव, तारीख हे पोत्यात सुटं, आणि खुणा त्या आतल्या पिशवीत.

माझं काम ते पोतं उघडून एकेक वस्तू आपापल्या कप्प्यात लावायचं. प्रोग्राममध्ये कप्पे आधी जाहीर करावे लागतात. ह्यात मजकूर येईल, ह्यात आकडा, ह्यात तारीख. मग एक तयार अवजार असतं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं, ते पोतं ओतून कप्पे भरून देतं. आणि ज्या वस्तूला कप्पाच नाही तिचं काय करतं? टाकून देतं. गुपचूप! ओरडत नाही, लाल अक्षरं दाखवत नाही, "बाई, हे उरलं" असं म्हणत नाही. आणि मी जपून ठेवत होते ते फक्त भरलेले कप्पे. मूळ मजकूर ठेवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आतल्या पिशवीसाठी मी कप्पे किती केले? चार. रंग, शिंगं, दात, वय. पुण्याहून आलेल्या कागदावर चारच लिहिले होते हे खरं, पण सगळं त्या कागदावर ढकलत नाही मी. मी विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण मी शेतकऱ्याची लेक! जवळा बाजारच्या बाजूचं आमचं गाव, दारात कायम बैलजोडी. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बैल घेताना हेच चार बघतात हे मी लहानपणापासून पाहिलेलं. बैल मला कोण शिकवणार? डोंबल. पुण्याच्या पोरानं तरी फॉर्मला ते अधिकचं चिन्ह ठेवलं. त्यानं बैल जन्मात पाहिला नसेल, पण आपल्याला सगळं माहीत नाही एवढं त्याला माहीत होतं.

मावशी बैल घेऊन यायच्या कितीतरी आधी गुरुजींनी एकदा विचारलंही होतं. छापलेला दाखला हातात धरून म्हणाले, "पोरी, खुणा तर मी सगळ्या टाकून राहिलो, हितं चारच काहून येऊन राहिल्या?"

मी मान वर न करता म्हणाले, "कागदावर जागा नाही गुरुजी. आत आहेत सगळ्या."

"बराबर आहेत ना?"

"हो हो, आत आहेत."

आत आहेत! मी उघडून पाहिलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं. फाईल उघडायची, डोळ्यांनी बघायचं. आजही ते दोन शब्द आठवले की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. आणि एवढ्यावर थांबले का? नाही. वर म्हणाले, "गुरुजी, आता ती वही बंद करा. एकच काम दोनदा काहून करून राहिले? कॉम्प्युटर कशाला आहे मग?" गुरुजींनी वही बंद केली. आपणहून नाही, माझ्या सांगण्यावरून.

पेरणी महिन्यावर आली आणि मावशींचा तो पांढरा बैल गोठ्यातून गेला. दावं कापलेलं होतं. मावशींनी कळमनुरीपासून औंढ्यापर्यंत एकही बाजार सोडला नाही. पायी, एसटीनं, मिळेल त्या टेम्पोनं गेल्या. एका बैलावर तिफण चालत नाही, आणि पेरणीच्या तोंडावर आपली जोडी दुसऱ्याला कोण देणार? शेवटी लांबच्या एका गावात त्यांना तो बैल दिसला. ज्याच्या दारात होता तोही सज्जन माणूस. त्यानं दुसऱ्या एका बाजारात रीतसर घेतलेला, त्याच्याकडे हातानं लिहिलेला दाखला होता. रंग पांढरा, शिंगं उभी, सहा दाती. प्रकरण पोलीस ठाण्यात गेलं. जमादारांनी मावशींना आपला दाखला आणायला सांगितलं, आणि मावशी गुरुजींना आणि मला सोबत घेऊन गेल्या. वाटेत त्या अगदी निर्धास्त होत्या. "नऊ खुणा हायेत माज्या तुमच्या मशीनमदी," म्हणाल्या.

मी पण निर्धास्तच होते. उलट ऐटीत होते. आज कळेल सगळ्यांना कॉम्प्युटर काय असतो ते. तसं आदल्या दुपारी मी फाईल काढायला बसले होते, पण लाईट नव्हती. सकाळी निघताना घाईत मावशींची नोंद नुसती छापली आणि घडी घालून पर्समध्ये टाकली.

ठाण्याच्या आवारात बैल बांधला होता. मावशी त्याच्यापाशी गेल्या, त्यानं त्यांचा हात हुंगला. कुणीतरी म्हणालं, बघा, ओळखलं. जमादार म्हणाले, "हुंगल्यावर पंचनामा होत नसतो बाई." मग मावशींनी शेपटीपासून खुणा सांगायला सुरुवात केली, आणि जमादारांनी हात वर केला.

"बैल समोर उभा आहे. बघून खुणा कुणीबी सांगल. हे चोरीच्या आधी कुठं लिहिलेलं आहे ते दाखवा."

मी ऐटीत पर्स उघडली. घडी उलगडली. रंग पांढरा. शिंगं उभी. दात सहा. वय पाच. खाली कोरा कागद. मी तो उलटा करून पाहिला, काय म्हणून कोण जाणे.

जमादारांनी तो कागद त्या दुसऱ्या दाखल्याशेजारी ठेवला. दोन्हीकडे तोच बैल. जिल्ह्यातल्या शंभर बैलांना लागू पडेल असा बैल. मावशी माझ्याकडे बघत होत्या. "बाकीचं काढ ना पोरी," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं अजून कागद आहेत पर्समध्ये.

गुरुजी पुढे झाले. म्हणाले, "साहेब, मी माझ्या हातानं लिहिल्या आहेत. नऊ होत्या."

"मग कुठं आहेत?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, मला आठवतात, कानात चामखीळ, चिरलेला खूर, मी तिथं बसले होते. जमादार वाईट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आठवते त्याला मी कागद म्हणू का?" मग गुरुजींकडे वळून बोलले ते मात्र मला अजून टोचतं. "गुरुजी, वयानं होतं असं कधी कधी." ज्या माणसाच्या अक्षरावर अख्खा बाजार चालायचा त्याला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि ते मान खाली घालून उभे राहिले.

कागद दोन्ही सारखे, म्हणून बैल ज्याच्या दारात होता त्याच्याकडेच राहिला. मावशींना सांगितलं, कोर्टात जा. मावशी कोर्टात कशाला जातात! पेरणी आली होती.

त्या दिवशी परत येऊन मी फाईल उघडली. मावशींचीच नाही, सगळ्या नोंदी. कित्येक महिन्यांचे बैल आणि प्रत्येकाच्या चारच खुणा. गुरुजींनी एका बोटानं घातलेल्या ओळीच्या ओळी कुठेच नव्हत्या. मी पुण्याला फोन लावला. साहेब म्हणाला, "आमच्याकडे फॉर्मचा डेटा महिनाभरच राहतो. आणि मॅडम, स्पेकमध्ये, त्या पाठवलेल्या कागदावर, चारच फील्ड आहेत, प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हणाले, "प्रॉब्लेम असा आहे की एका बाईचा बैल गेला." त्यानं विचारलं, "हे कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठे येतं?" मी फोन ठेवला. आपटला म्हणा हवं तर.

मग मी दुरुस्तीला बसले. घरी जेवताना अण्णा म्हणाले, "बैल गेला अन् झोपा केला." एरवी मी हसले असते. त्या दिवशी ताटावरून उठले.

दुरुस्ती तशी कल्पनेनं सोपी. आतली पिशवी उघडायचीच नाही. बाकीचं पोतं कप्प्यांत लावा, पण खुणांची पिशवी आली की ती जशी बांधलेली आहे तशी, अक्षर न् अक्षर, नुसता मजकूर म्हणून एका कप्प्यात ठेवून द्या. तिच्या आत काय आहे हे मला माहीत असायची गरजच नाही. चार असो की चाळीस, शेपटीपासून असो की शिंगापासून. पण ते अवजार ऐकेल तर शपथ! मी कप्पा मजकुराचा केला तर ते अडून बसलं. मजकूर म्हणालात आणि इथं तर कंस उघडतोय, म्हणून चूक दाखवून प्रोग्राम बंद. वा रे वा! नऊ खुणा फेकताना तोंडातून शब्द नाही, आणि जपून ठेव म्हटलं तर बोंबा मारतंय.

शेवटी मी अवजाराच्या आधी स्वतःच मजकूर वाचायचं ठरवलं. खुणांचा कंस उघडला की मोजायला लागायचं, उघडणारा आला की एक वाढवा, बंद होणारा आला की एक कमी करा, शून्य झालं की पिशवी संपली. एवढा तुकडा कापून घ्यायचा. अर्ध्या दिवसात झालं, आणि गुरुजींच्या पहिल्याच नोंदीला मोडलं. कुणी गडी बैलाच्या कपाळावरचं चिन्ह सांगत होता, ते गुरुजींना महिरपी कंसासारखं वाटलं, आणि कीबोर्डवर शोधून त्यांनी ते वर्णनात हुबेहूब उठवलं होतं! माझी मोजणी चुकली आणि पुढचे सगळे बैल एकमेकांत गेले. जेसनमध्ये सगळा मजकूर अवतरणचिन्हांत येतो, म्हणजे त्यांच्या आतले कंस मोजायचे नाहीत. मग वर्णनातच कुणाचं बोलणं अवतरणात घातलेलं असलं तर त्याची वेगळी भानगड. ते निस्तरलं तर छापताना अक्षरांच्या जागी नुसते आकडे आणि तिरक्या रेघा, कारण फॉर्म आपली देवनागरी आकड्यांच्या सांकेतिक खुणांत बांधून पाठवत होता. कप्पाळ माझं! मग छापण्यापुरती एक प्रत उलगडायची आणि मूळ मात्र आलं तसंच ठेवायचं. पाठीवर घामाच्या धारा, यूपीएसची कोकलणी, आणि मधेच साहेबाचा फोन, "मॅडम, एवढं कशाला?"

चौथ्या दिवशी झालं. मी मुद्दाम काहीबाही खुणा घातल्या, उलट्यासुलट्या, तेरा, सतरा. सगळ्या आल्या तशाच राहिल्या, त्याच क्रमानं. ह्या वेळी फाईल उघडून डोळ्यांनी पाहिलं. तीनदा पाहिलं. दाखल्याच्या मागच्या बाजूला सगळ्या खुणा छापायची सोय केली. गुरुजींना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं, "बराबर आहे पोरी," म्हणाले, आणि पिशवीतून नवी कोरी वही काढून टेबलावर ठेवली. मी कीबोर्ड सरकवून तिला जागा करून दिली. नको कोणत्या तोंडानं म्हणणार?

मावशींची पेरणी त्या वर्षी लांबली. तांड्यावरच्या एकानं आपलं शेत उरकल्यावर बैल दिला तेव्हा कुठं ती झाली, आणि उशिरा पेरलेलं जसं यायचं तसंच आलं. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. माफी मागायला गेले आणि चहा पिऊन आले. माफीचा विषय काढला की त्या म्हणायच्या, "जाऊ दे वं, तुला बी लई तकलीफ झाली." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या हंगामाच्या आधी त्या बाजारात दिसल्या. नवा बैल घेतला होता, तांबूस. दाखल्याला रांगेत उभ्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी गुरुजींना उठवून स्वतः त्यांच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, ह्यांचा दाखला मी लिहिणार. सगळं तयार होतं, कितीही सांगा, काही सांगा, एक अक्षर सांडणार नाही.

"बसा मावशी. सांगा. शेपटीपासून सांगा."

त्यांनी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रंग तांबडा," त्या म्हणाल्या. "शिंगं मागं गेलेली. चार दाती. वय चार."

मी अधिकचं चिन्ह दाबलं. कोरी ओळ उघडली. मी विचारलं, "आणि?"

"झालं."

"अहो मावशी, आता सगळं राहते आत. खरंच राहते. मी बघितलं आहे. गोंडा कसा आहे? भोवरे?"

त्या हसल्या, मला लागू नये इतपतच. "तुज्या मशीनला चारच कळतेत ना पोरी. मंग कशाला तकलीफ देऊ? चारच लिव्ह."

मागून कुणीतरी ओरडलं, आटपा लवकर. मी ती कोरी ओळ तशीच ठेवून दाखला छापला. मावशींनी तो न वाचता घडी करून कनवटीला लावला, बैलाच्या मागं गेल्या आणि त्याला हाकत निघाल्या. बाजाराच्या तोंडाशी त्या क्षणभर थांबल्या. तांड्यावरची दुसरी एक बाई तिथं भेटली होती, आणि मावशी तिला बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. मला ऐकू येत नव्हतं, पण बोट आधी गोंड्याकडे गेलं, मग मागच्या खुरांकडे, मग पाठीवर.